प्रादेशिक योजनेच्या प्रारूपावर हरकत: गट शोधण्यापासून सुनावणीपर्यंत

कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या प्रादेशिक योजनेचं प्रारूप, म्हणजे मसुदा, प्रसिद्ध झालं की हरकतीसाठी चार महिने मिळतात, पण पहिले दोन महिने गावात कुणाला पत्ता नसतो. तिसऱ्या महिन्यात व्हॉट्सॲपवर नकाशाचा धूसर फोटो फिरायला लागतो आणि चौथ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नगररचना कार्यालयाच्या टपाल खिडकीसमोर रांग लागते. त्या रांगेतल्या बहुतेक अर्जांचा मजकूर एकच असतो: 'आमच्यावर अन्याय झाला आहे, तरी झोन बदलून मिळावा.' असा अर्ज नोंदवला जातो, त्याला क्रमांक पडतो, सुनावणीही होते आणि हाती काही लागत नाही. हरकती ऐकणाऱ्या समितीसमोर नकाशा असतो आणि मोजपट्टी असते. नकाशातली चूक दाखवली तर ती दुरुस्त करायला समितीला कारण मिळतं; नुसत्या तक्रारीवर तिला काही लिहिताच येत नाही. त्यामुळे सगळी मेहनत ती चूक शोधण्यावर आणि ती कागदावर पक्की करण्यावर घ्यायची.

आधी दार नक्की करा

जिल्ह्यात 'नियोजन' नावाची निदान तीन कार्यालयं असतात आणि लोक सर्रास चुकीच्या दारात उभे राहतात. जिल्हा नियोजन समिती ही संविधानाच्या कलम २४३-झेडडी खालची. पालकमंत्री अध्यक्ष, पाचांपैकी चार हिस्से सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून. तिच्याकडे जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा आहे: शाळाखोल्या, अंगणवाड्या, ग्रामीण रस्ते, पाझर तलाव. तुमच्या गटावर रस्ता पडला की बाग, याच्याशी तिचा संबंध नाही. तिथे निवेदन दिलं तर ते 'योग्य कार्यवाहीसाठी' नगररचनेकडे पाठवलं जातं आणि तोवर मुदत संपलेली असते.

जमीन कशासाठी वापरायची हे ठरवतं ते प्रादेशिक नियोजन मंडळ. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याच्या कलम ३ खाली शासन 'प्रदेश' जाहीर करतं आणि कलम ४ खाली मंडळ नेमतं. मंडळाचं काम प्रदेशाची पाहणी करणं, आज जमीन कशी वापरली जाते याचा नकाशा करणं, अहवाल लिहिणं आणि योजना तयार करणं. राहण्यासाठी, उद्योगासाठी, शेतीसाठी, जंगलासाठी, खाणीसाठी कुठली जमीन, रस्ते, रेल्वे, पाणी, सांडपाणी, नवी शहरं, निसर्गसुंदर आणि ऐतिहासिक जागांचं जतन, पूरनियंत्रण, हे सगळं कलम १४ मध्ये येतं. ही कागदी मंडळं नव्हेत. मुंबई प्रदेशासाठी १९६७ मध्ये नेमलेल्या मंडळाच्या योजनेतून खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना पक्की झाली; ती योजना १९७३ मध्ये मंजूर झाली आणि आजची नवी मुंबई त्याच आखणीवर उभी आहे.

तिसरं दार महानगर प्राधिकरण किंवा नगरपालिकेचं. तुमचं गाव त्यांच्या हद्दीत असेल तर प्रसिद्ध होतो तो विकास आराखडा, आणि इथेच सगळ्यात महाग चूक होते. प्रादेशिक योजनेच्या प्रारूपावर हरकतींसाठी किमान चार महिने मिळतात. विकास आराखड्यात कलम २६ खाली ही मुदत साधारण ३० दिवसांची असते. पुणे महानगर प्रदेशाचा २०२१ सालचा प्रारूप आराखडा हा असाच विकास आराखडा होता. 'अजून तीन महिने आहेत' म्हणत बसणाऱ्याचं बैल गेला आणि झोपा केला असं होतं.

म्हणून सूचना हातात आली की आधी कलम क्रमांक वाचा. १६ म्हणजे प्रादेशिक योजनेचं प्रारूप. १५ म्हणजे मंजुरी, आता हरकत नाही. २० म्हणजे मंजूर योजनेतला फेरबदल किंवा सुधारणा. २३ म्हणजे विकास आराखडा करण्याचा नुसता इरादा. नकाशा अजून यायचा आहे. २६ म्हणजे प्रारूप विकास आराखडा. ३१ म्हणजे शासनाची मंजुरी, पण त्यातही एक खोच आहे, ती शेवटाकडे येईल. सूचनेची तारीख, मुदतीची तारीख, हरकत कुठे द्यायची तो पत्ता आणि प्रती कुठे पाहायला ठेवल्या आहेत, या चार गोष्टी वहीत लिहून घ्या. मुदत राजपत्रातल्या सूचनेवरून मोजायची. वर्तमानपत्रातलं कात्रण हाताशी ठेवा, पण ते दुय्यम.

नकाशावर आपला गट सापडणं

प्रादेशिक योजनेचे नकाशे लहान प्रमाणावर असतात. समजा नकाशा १:५०,००० चा आहे. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. एक एकर, म्हणजे ४० गुंठे किंवा सुमारे ४,०४७ चौरस मीटर, चौकोनी धरला तर बाजू ६४ मीटरच्या आसपास येते. नकाशावर तो ठिपका सव्वा मिलिमीटरचा. झोनची हद्द ज्या रेषेने काढली आहे ती अर्धा मिलिमीटर जाड असेल तर रेषाच जमिनीवर २५ मीटर रुंद झाली. तुमचा एकर यलोत (निवासी) आहे की ग्रीनमध्ये (शेती), हे त्या नकाशावर बोट ठेवून सांगणारा माणूस अंदाज सांगतो आहे, मग तो कार्यालयातला असो की एजंट.

याचा उपाय भाग नकाशा, म्हणजे योजनेच्या नकाशातला आपल्या गटापुरता तुकडा. सहायक संचालक, नगररचना यांच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करून गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागायचा. सोबत चालू सातबारा, आठ-अ आणि गट नकाशाची प्रत लावायची, शुल्क भरून पावती घ्यायची. प्रसिद्धीनंतर लगेचच्या आठवड्यात हे मिळतं. शेवटच्या पंधरवड्यात त्याच टेबलावर शेकडो अर्ज असतात.

इथे तीन ठिकाणी घोडं अडतं.

पहिलं, सर्व्हे नंबर आणि गट नंबर. ज्या गावात एकत्रीकरण योजना झाली तिथे जुने सर्व्हे नंबर मोडून गट नंबर आले. काही पायाभूत नकाशे मात्र जुन्याच नंबरांवर असतात. नकाशावरचा ११२ आणि सातबाऱ्यावरचा ११२ यांच्यात कधीकधी अख्ख्या गावाचं अंतर असतं. तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचे ९(३) आणि ९(४) चे उतारे काढा. कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते त्यातून कळतं. हा उतारा हरकतीला जोडला की समितीचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरं, बुद्रुक आणि खुर्द. एकाच तालुक्यात दोन्ही असतात, गट क्रमांक दोन्हीकडे सारखे असतात. अर्जात नुसतं गावाचं नाव लिहिलं तर हरकत दुसऱ्या गावाच्या फायलीत जाऊन बसते. पूर्ण नाव, तालुका, जमलं तर जनगणनेतला गावाचा क्रमांकही द्या.

तिसरं, स्वतः नकाशा जुळवताना होणारी चूक. गट नकाशा महाभूनकाशावरून घेऊन क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर किंवा गूगल अर्थवर बसवणं आता घरबसल्या जमतं आणि जमवावंच. पण जुळवणीचे बिंदू निदान चार घ्या आणि ते गावाच्या चारी अंगांना पसरलेले असू द्या: तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो दगड, जुना पूल, पक्की विहीर, गावठाणाचा कोपरा. सगळे बिंदू एकाच बाजूचे घेतले तर त्या बाजूला नकाशा नेमका बसतो आणि दुसऱ्या टोकाला सरकतो. एवढं करूनही दहा-वीस मीटरचा फरक सहज राहतो, कारण मूळ गाव नकाशा कागदावरून स्कॅन झालेला आहे. सगळा वाद त्याच दहा-वीस मीटरचा असेल तर गूगल अर्थचा स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही. मोजणीची 'क' प्रतच, म्हणजे भूमी अभिलेखच्या मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशाच, लागते. मोजणीला वेळ लागतो. जलद मोजणीचं शुल्क जास्त आहे, पण चार महिन्यांच्या मुदतीत तेच भरणं शहाणपणाचं. अर्ज पहिल्या आठवड्यात टाका.

चूक कुठे असते

प्रारूपासोबत दोन नकाशे आणि एक अहवाल असतो. लोक प्रस्तावित वापराचा रंगीत नकाशा पाहतात आणि तिथेच थांबतात. खरं सापडतं ते विद्यमान जमीन वापराच्या नकाशात आणि अहवालातल्या तक्त्यांत.

विद्यमान वापराचा नकाशा उपग्रह चित्रावरून आणि पाहणीतून केलेला असतो. तुमची द्राक्षबाग तिथे 'पडीक' असेल, वीस वर्षांची वस्ती 'शेती' असेल, बुजलेला ओढा वाहता दाखवला असेल किंवा वाहता ओढा गायब असेल, तर ती वस्तुस्थितीची चूक. पडीक समजून तिथे औद्योगिक पट्टा टाकला गेला असेल तर पायाच चुकला, आणि हे मान्य करायला समितीला धोरण बदलावं लागत नाही. अशा हरकती सगळ्यात जास्त टिकतात.

डोंगराच्या बाबतीत उतार तपासा. यूडीसीपीआर म्हणजे २०२० च्या डिसेंबरात राज्याच्या बहुतेक भागासाठी लागू झालेली एकत्रित बांधकाम नियमावली. तिच्यात १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नाही. १:५ म्हणजे १०० मीटर चालल्यावर २० मीटर चढ. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर दोन समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) अंतर सहसा २० मीटर उंचीचं असतं. म्हणजे दोन रेषा कागदावर २ मिलिमीटरपेक्षा जवळ असतील तर तो उतार मर्यादेबाहेरचा. सपाट माळ डोंगरपट्ट्यात गेला असेल किंवा उलट, कड्याखालची जमीन निवासी दाखवली असेल, तर टोपोशीटचा तेवढा तुकडा मोठा करून जोडा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि तिच्यावर हरकत घेणारे फारच थोडे.

नदीकाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्या-लाल रेषांमध्ये नियंत्रित. प्रारूपातला निवासी पट्टा या रेषांच्या आत सरकला असेल तर जमीनमालकाला आज आनंद होतो. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना २०१९ आणि २०२१ नंतर याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. कोकण किनाऱ्यावर पूररेषेच्या जोडीला सागरी नियमन क्षेत्राचा नकाशा वेगळा काढावा लागतो. पश्चिम घाटातल्या गावांनी केंद्राची पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचनाही पाहावी. तिची सहावी आवृत्ती ३१ जुलै २०२४ ची आहे. प्रादेशिक योजनेवरची हरकत त्या अधिसूचनेवर चालत नाही. तिची हरकत दिल्लीला, पर्यावरण मंत्रालयाकडे.

रस्त्याच्या आखणीत गणित करून दाखवा. ३० मीटरचा रस्ता चौकोनी एकराच्या मधोमध गेला तर ६४ गुणिले ३०, म्हणजे सुमारे १,९२० चौरस मीटर, १९ गुंठे जातात. उरलेले २१ गुंठे दोन तुकड्यांत. 'जमीन बाधित होते' असं मोघम लिहिण्यापेक्षा '४० पैकी १९ गुंठे जातात आणि विहीर पलीकडच्या तुकड्यात अडकते' असं लिहिलं की वाचणाऱ्यासमोर चित्र उभं राहतं.

ग्रीनमधून यलोत जायची मागणी ही वेगळी जात. खरं तर अर्ध्याहून अधिक हरकतींच्या पोटात हीच असते आणि ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखी ती 'विकासासाठी', 'गावाच्या हितासाठी' अशा शब्दांत येते. मागायचं ते उघड मागा, पण आधी अहवालातला लोकसंख्येचा तक्ता काढा. समजा गावाची लोकसंख्या ६,००० धरली आहे आणि वाढ वर्षाला २ टक्के. वीस वर्षांनी ती ८,९०० च्या घरात जाते. वाढीव २,९०० लोकांना हेक्टरी १०० या घनतेने २९ हेक्टर लागतील. प्रारूपात गावठाणाभोवती आधीच ६० हेक्टर यलो दाखवला असेल तर 'जागा कमी पडते' हा मुद्दा मेला. मग लढायचं ते जागेवरून: दाखवलेला पट्टा ओढ्यात आहे, त्याला रस्ता नाही, पाण्याची टाकी उलट दिशेला आहे, आमच्या बाजूला मात्र दहा वर्षांत इतकी घरं झाली, त्यांच्या नमुना आठच्या (ग्रामपंचायतीच्या घर नोंदवहीतल्या) नोंदी सोबत. उलट तक्त्यात १० हेक्टरच असेल तर तुम्ही खणखणीत मुद्द्यावर उभे आहात. आणि मागणीच्या आधी यूडीसीपीआरमधली गावठाणाभोवतालच्या पट्ट्याची तरतूद वाचा. बऱ्याच गटांना झोन न बदलताही अधिमूल्य भरून निवासी परवानगी मिळू शकते. ते न बघता झोन बदलायच्या नावाखाली पैसे घेणारे लोक तालुक्याच्या प्रत्येक चौकात बसलेले आहेत.

हरकत लिहिणं

हरकत 'कोणतीही व्यक्ती' घेऊ शकते. सातबाऱ्यावर नाव असलंच पाहिजे असं नाही. कूळ, शेजारी, गावाबाहेर राहणारा वारस, मच्छीमार सोसायटी, कुणीही. पण जमिनीबद्दल काही मागायचं असेल तर वारस नोंद झालेली असलेली बरी. सामाईक खातं असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या. एका भावाने रस्ता सरकवायचा आणि दुसऱ्याने तोच ठेवायचा अर्ज दिला की दोन्ही बाद होतात.

एका अर्जात एकच मुद्दा. गट, पूररेषा आणि गावाचा बाह्यवळण रस्ता एकाच पत्रात कोंबले तर तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवर जातात आणि कुणीच पूर्ण वाचत नाही. मजकूर साधारण असा:

'विषय: प्रारूप प्रादेशिक योजना. मौजे … बुद्रुक, ता. …, गट क्र. २१४, क्षेत्र ०.८० हेक्टर.
१. प्रस्तावित जमीन वापर नकाशात या गटाच्या दक्षिण भागातून ३० मीटर रुंद रस्ता दाखवला आहे (भाग नकाशा, जोडपत्र १).
२. या भागात सिंचनाची विहीर असून तिची नोंद गाव नमुना बाराच्या जलसिंचनाच्या रकान्यात आहे (जोडपत्र २). विद्यमान जमीन वापर नकाशात ती दाखवलेली नाही.
३. गटाच्या उत्तर हद्दीलगत ग्रामीण मार्ग अस्तित्वात असून त्याची जागेवरील रुंदी ९ मीटर आहे (मोजणी 'क' प्रत, जोडपत्र ३).
४. मागणी: रस्त्याची आखणी अस्तित्वातील ग्रामीण मार्गावर घ्यावी व रुंदीकरण दोन्ही बाजूंना समान ठेवावे.
५. पर्यायी मागणी: आखणी विहिरीपासून किमान २० मीटर उत्तरेस सरकवावी.
६. प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी. सूचना पाठवण्याचा पत्ता व मोबाइल …'

पाचवा मुद्दा सोडू नका. पहिली मागणी अमान्य झाली की फाइल तिथेच बंद होते. पर्याय लिहिलेला असेल तर समितीला मधला मार्ग सुचवता येतो. आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा, हटवा म्हणताना ते कुठे न्यावं हेही लिहा. शाळेचं मैदान गावाला लागणारच आहे. गायरान सुचवायचं असेल तर आधी ग्रामसभेत विचारा, नाहीतर तुमच्या हरकतीवर गावाचीच हरकत येते.

सुट्टे उतारे ताजे असावेत. फोटोवर दिशा आणि तारीख लिहा. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. हीच पोच पुढची दोन-चार वर्षं तुमचं सगळं भांडवल आहे. टपालाने पाठवायचं तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट, आणि मुदतीच्या आठवडाभर आधी.

छापील नमुन्यात फक्त नाव भरून दिलेल्या हजार हरकती एकगठ्ठा धरल्या जातात आणि एकदाच ऐकल्या जातात. पुणे महानगर प्रदेशाच्या २०२१ च्या प्रारूप आराखड्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. प्रत्येकीला पाच मिनिटं धरली तरी पाच हजार तास होतात, म्हणजे आठ तासांचे सव्वासहाशे दिवस. तो आराखडा पुढे शासनाने रद्द केला, हा भाग वेगळा. पण एवढ्या गर्दीत कुठली हरकत डोळ्यांत भरेल? ज्यात गट क्रमांक, चूक, पुरावा आणि मागणी पहिल्या पानावर आहे ती.

गावाची हरकत मात्र संख्येवर नाही, ठरावावर उभी राहते. बाह्यवळण रस्ता, औद्योगिक पट्टा, ओढे, देवराई, गायरान अशा सामाईक गोष्टी ग्रामसभेच्या ठरावाने मांडा. नेहमीच्या ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या. त्यांतलं सगळ्यात लांबचं अंतर ऑक्टोबर ते जानेवारी, ११६ दिवसांचं. म्हणजे चार महिन्यांच्या मुदतीत एक तरी ग्रामसभा येतेच. ती मुदतीच्या टोकाला येत असेल तर विशेष ग्रामसभा बोलवा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जे कमी असेल ते. ठरावात 'विरोध आहे' एवढंच नको. गाव नकाशाची प्रत, तिच्यावर गावाने रंगवलेली सुधारणा आणि गटनिहाय यादी जोडा. गोव्यात २००६ साली अधिसूचित झालेली 'प्रादेशिक योजना २०११' आंदोलनामुळे जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावी लागली आणि नव्या योजनेसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं गेलं. त्या पुढच्या फेरीत काम झालं ते गावोगावच्या नकाशांवर.

सुनावणी

हरकती ऐकते ती मंडळाने नेमलेली प्रादेशिक नियोजन समिती. विकास आराखड्यात हेच काम नियोजन समिती करते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. सूचना पत्राने येते, कधी गावनिहाय यादी फलकावर आणि संकेतस्थळावर लागते; दोन्हींवर लक्ष ठेवा. स्वतः जाता येत नसेल तर अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत देऊन माणूस पाठवा. गैरहजर राहिलं म्हणून हरकत आपोआप फेटाळली जात नाही, पण बाजू मांडायला कुणी नसतं.

पाच मिनिटं मिळतील असं धरून जा. भाग नकाशा मोठा करून ए-३ कागदावर छापा, गट लाल रेषेने दाखवा, तो टेबलावर ठेवा आणि पहिलं वाक्य मागणीचं बोला. इतिहास, आजोबांनी जमीन कशी कमावली, भाऊबंदकी, हे सगळं बाहेर. समितीतल्या तज्ज्ञाने 'मग रस्ता कुठून न्यायचा?' विचारलं की उत्तर तयार असलं पाहिजे. बहुतेक लोक इथेच गप्प होतात. वकील चालतो, पण मोजणी आणि नकाशा समजणारा परवानाधारक अभियंता किंवा निवृत्त भूकरमापक जास्त उपयोगी पडतो. निघताना एक पानी लेखी म्हणणं द्या आणि नोंदवहीत उपस्थितीची सही करा.

त्यानंतर

समितीचा अहवाल मंडळाकडे, मंडळाचे फेरबदल शासनाकडे आणि मग मंजुरी, या वाटेवर वर्षं जाऊ शकतात. मधल्या काळात जुनी योजना संपत नाही. परवानगी मागितली तर जुना आणि प्रारूप असे दोन्ही नकाशे पाहिले जातात. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर कलम १८ खाली परवानगीशिवाय वापर बदलता येत नाही, त्यामुळे 'मंजूर होईपर्यंत घर बांधून घेऊ' हा सल्ला ऐकू नका.

आपल्या हरकतीचं काय झालं हे कुणी कळवत नाही. माहिती अधिकारात, १० रुपयांच्या शुल्कासह, नेमकं मागा: 'हरकत क्रमांक … वरील समितीची शिफारस, मंडळाचा निर्णय आणि संबंधित टिप्पणीची प्रत.' उत्तराला ३० दिवस, न आल्यास पहिलं अपील. 'योजनेची सर्व माहिती द्यावी' असं मागितलं की पानांचा खर्च कळवणारं पत्र येतं आणि महिना जातो.

आता कलम ३१ मधली खोच. विकास आराखडा मंजूर करताना शासन काही भाग वगळून ठेवतं आणि त्यात मोठे बदल सुचवून पुन्हा हरकती मागवतं. या वगळलेल्या भागांना ईपी क्रमांक असतात. प्रारूपाच्या वेळी जिंकलेला माणूस ईपीच्या यादीत आपला गट आहे का हे बघत नाही, नवी हरकत देत नाही आणि काही महिन्यांनी आरक्षण जिथल्या तिथे परत आलेलं असतं. जुनी हरकत या टप्प्यावर आपोआप पुढे चालत नाही. मंजुरीच्या अधिसूचनेतली यादी ओळ न ओळ वाचा आणि नव्याने हरकत द्या, पहिल्या पोचपावतीची प्रत जोडून.

सगळं करूनही आरक्षण राहिलं, तर अंतिम योजना अंमलात आल्याच्या तारखेपासून १० वर्षं मोजा. तेवढ्यात जमीन घेतली गेली नाही तर कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते: मालकीचे कागद, भाग नकाशा आणि क्षेत्र यांसह, संबंधित प्राधिकरणाला, पोच घेऊन. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. निधीचा नुसता ठराव म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं आहे. सूचनेला मालकीचे कागद जोडलेले नसले की ती अपुरी ठरवली जाते आणि २४ महिन्यांचं घड्याळ सुरूच होत नाही. सातबारा, फेरफार आणि लागू असेल तिथे मालमत्ता पत्रक, सगळं पहिल्याच दिवशी लावा. व्यपगत झाल्याची अधिसूचना राजपत्रात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका, कारण परवानगी देणारा अधिकारी राजपत्राची प्रत मागतो.